स्टॅगर

शाळेच्या शब्दकोशात पाहिलं तेव्हा
स्टॅगर म्हणजे झोकांड्या खाणे.
मैदानावर मात्र हाच शब्द
खुटवडमामा सायकलला बांधून आणत:
एक टेप, चार खिळे, घमेल्यात फक्की,
आणि विडीच्या कागदावर आकडे,
सात शून्य चार, चौदा सत्तर, बावीस सदतीस,
असं करत करत आठवी लेन,
त्रेपन्न मीटर.

सणस मैदान. जानेवारी. तेव्हा मातीच होती.
पर्वतीवर अजून दिवे जळत होते.
चारशे मीटर, मुली, सतरा वर्षांखालील.
मी पहिल्या लेनमध्ये, छातीवर एकशे अकरा,
चारपैकी तीनच पिना.
आणि माझ्या त्रेपन्न मीटर पुढे,
अर्धं वळण खाऊन उभी असल्यासारखी,
जनता वसाहतीतली निशिगंधा आल्हाट.

बाई, ती तर आत्ताच पुढे आहे!
बाई शिट्टी पदराला पुसत म्हणाल्या,
तिचं वळण मोज, मग बोल.

पहिल्या लेनला सगळ्या दिसतात.
सात पाठी, सात वेण्या, चौदा टाचा,
वाटतं, आपल्याला सोडून
सगळ्यांनाच कुणीतरी उचलून पुढे ठेवलंय.
आठवीला कुणीच दिसत नाही.
ती कानांनी पळते.
मागून येणारी पावलं किती जवळ,
आपण पुढे आहोत की नुसत्या पुढे उभ्या केलेल्या,
हे तिला शेवटच्या वळणापर्यंत कळत नाही.

मग वळण सरळ होतं.
आठही रेघा एकमेकींना पहिल्यांदा खरं बोलतात.
इथे स्टॅगर फिटतो.
मामांचाच शब्द तो, फिटतो,
वाण्याची उधारी फिटते तसा.
कुणाचं कुणाकडे काही राहत नाही.

फिटल्यावरही निशिगंधा तीन पावलं पुढे होती.
ती तीन तिची.

बारावीनंतर कॉलेजच्या फलकापुढे
यादीत तिचं नाव वाचून कुणीतरी म्हणालं,
यांचं बरं असतं, सुरुवातच पुढून.
हसले सगळे.
मी हसले का, आठवत नाही,
म्हणजे हसलेच असणार.
शब्द तोंडात होता माझ्या.
सात शून्य चार, चौदा सत्तर,
आकडेसुद्धा पाठ होते.
जनता वसाहतीच्या पायऱ्या, नळाची रांग,
दोन घरची धुणी उरकून गाठलेला पहिला तास,
त्या वळणाची लांबी काढायला
फार गणित लागलं नसतं.
मी पर्सची चेन लावली, उघडली, लावली.

आता रविवारी बालेवाडीत पांढरा शर्ट घालते,
गळ्यात तांत्रिक अधिकारी असं कार्ड.
ट्रॅक लाल, रेघा कायमच्या रंगवलेल्या,
पावसाने न पुसणाऱ्या.
फक्की गेली. मामा गेले.
टेप त्यांच्या मुलाने मला आणून दिला,
पहिले चार सेंटिमीटर झिजलेले.

परवा कोथरूडचे एक वडील
जाळीला नाक लावून ओरडत होते,
मॅडम, आमची मुलगी सगळ्यांच्या मागे का?
हा काय न्याय झाला?
शर्यत संपेपर्यंत मी त्यांना शब्दकोशासारखं काही सांगितलं नाही.
मग आत बोलावलं.
बूट असू द्या, म्हटलं. हे टोक धरा,
इथे, आतल्या रेघेवर, वाका जरा.

आणि मी निघाले बाहेरच्या रेघेने,
जमिनीला टेप चिकटवत, वळत.
लांबून मी त्यांना पुढे गेलेलीच दिसत असणार.
टेप संपला. वळण संपलं नव्हतं.
ते कंबर धरून उभे राहू पाहत होते.

सोडू नका, मी ओरडले,
अजून मोजायचंय.